करारात हाँगकाँगचा कायदा, घरात बंद पडलेलं मशीन

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: वसमत परिसरातल्या एका भगिनीचं पत्र आहे. घरच्या रानातली हळद दळून, पाकिटात भरून विकण्याचा त्यांचा छोटा व्यवसाय. नवरा आणि सून मदतीला, हंगामात दोन बायका रोजाने. सव्वा वर्षापूर्वी, पोळ्याच्या सुमारास त्यांनी एका परदेशी संकेतस्थळावरून पाकिटं भरून सील करणारं मशीन मागवलं. ३ लाख ८० हजार रुपये बँकेतून डॉलरमध्ये पाठवले. पहिल्या दिवसापासून सील नीट बसत नाही. विक्रेता म्हणतो, १५ टक्के रक्कम परत घ्या आणि तक्रार बंद करा, नाहीतर करारानुसार हाँगकाँगच्या कायद्याखाली तिथल्या लवादापुढे, म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा करणाऱ्या पंचापुढे, या. ओळखीचे वकील म्हणाले, "अटी मान्य केल्यात, आता विषय संपला." मुलगा म्हणतो, ग्राहक आयोगात केस टाकू, व्याजासकट पैसे घेऊ. त्यातच दुबईच्या एका मसाला दुकानदाराने महिन्याला पाचशे किलो हळद पावडर मागितली आहे. त्याच्या करारात दुबईचा कायदा आणि दुबईचं न्यायालय लिहिलेलं आहे. सही करावी का, अशी विचारणा आहे.

ताई,

तुम्ही पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. प्रत्येक पाकिटाचा खालचा डावा कोपरा सुटलेला आहे आणि खालच्या ट्रेवर हळदीची पिवळी रेघ उमटली आहे. दोष दरवेळी एकाच जागी येतोय. वापरणाऱ्याची चूक असती तर पाकीट कधी इकडून फाटलं असतं, कधी तिकडून. सील मारणाऱ्या जबड्याची एक बाजू पुरेशी तापत नसावी, असा याचा सरळ अर्थ दिसतो. कायद्याचं सगळं बोलणं पुढे येईलच, पण तुमच्या प्रकरणाचा पाया हा कोपरा आहे.

वकीलसाहेब आणि तुमचा मुलगा, दोघांचंही निम्मं बरोबर आहे. वकिलांनी हा व्यवहार दोन व्यापाऱ्यांमधला धरला, मुलाने दुकानदार आणि गिऱ्हाइकातला. तुम्ही मात्र दोघांपैकी कुणालाच विचारलं नाही की ही खरेदी मी नक्की कोण म्हणून केली? त्या उत्तरावर हाँगकाँगच्या कलमाचं वजन ठरतं. दुबईच्या करारात तुमची जागा वेगळी आहे, म्हणून तिथे माझं उत्तरही वेगळं असणार आहे.

आधी वकिलांची बाजू. दोन देशांतल्या दोन व्यापाऱ्यांनी करार केला, तर त्याला कोणत्या देशाचा कायदा लागेल हे ते आपसात ठरवू शकतात. आपल्याकडे यावर एकच एक कायदा केलेला नाही, न्यायालयांच्या निकालांमधून हे तत्त्व घडलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये नॅशनल थर्मल पॉवर कॉर्पोरेशन आणि सिंगर कंपनी यांच्या खटल्यात ते स्पष्ट केलं: निवड प्रामाणिकपणे केलेली असेल आणि सार्वजनिक धोरणाच्या विरोधात नसेल, तर ती मान्य होते. काहीच लिहिलेलं नसेल, तर कराराचा सर्वात जवळचा संबंध कोणत्या देशाशी आहे ते पाहिलं जातं. वकील बोलले ते या चौकटीतलं.

पण या चौकटीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. दोन्ही बाजूंना मसुदा वाचायला वेळ होता, घासाघीस करायला जागा होती. तुमच्यासमोर काय होतं? इंग्रजी अटींची लांबलचक पानं आणि खाली 'मान्य आहे' असं एक बटण. हाँगकाँगऐवजी हिंगोली लिहा म्हणण्याची सोय त्यात नव्हती. जगभरच्या कायद्यांनी ग्राहकाला वेगळं काढलं ते याचसाठी. युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमात तर लिहूनच ठेवलं आहे की विक्रेता ग्राहकाच्या देशात धंदा करत असेल, तर करारात दुसरा कोणताही कायदा लिहिला तरी ग्राहकाच्या स्वतःच्या देशातलं सक्तीचं संरक्षण कमी करता येत नाही. आपल्याकडे इतकं थेट वाक्य नाही. आपल्या हाती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे, आणि तो कमी नाही.

त्याचं कलम २(७) वाचा. व्यापारी हेतूने माल घेणारा ग्राहक ठरत नाही. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे की केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारातून वापरायला घेतलेली वस्तू ही व्यापारी हेतूची धरायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या प्रकरणात याची रेषा आखली. स्वतः चालवायला मशीन घेणारा, सोबत घरची माणसं किंवा एखाद-दोन मदतनीस असले तरी, ग्राहक असू शकतो. दुसऱ्यांकडून चालवून घेण्यासाठीच मशीन घेणारा नाही. त्या प्रकरणात मशीन घेणारा हरला, हेही सांगते, कारण मशीनचं स्वरूप स्वयंरोजगाराच्या मापाचं नव्हतं. उलट २०१८ मध्ये फोटो छपाईचं मशीन घेतलेल्या सुशिक्षित बेरोजगार भागीदारांना न्यायालयाने ग्राहक मानलं. तुम्ही, नवरा, सून आणि हंगामापुरत्या दोन बायका. मला हे चित्र दुसऱ्या प्रकरणाच्या जवळचं वाटतं.

समोरचा वकील काय म्हणेल? तुमची जीएसटी नोंदणी दाखवेल, आयात-निर्यात कोड दाखवेल, संकेतस्थळाच्या अटींमध्ये 'वापरकर्ता व्यावसायिक आहे' असं लिहिलंय ते दाखवेल. याला घाबरू नका. आयोग व्याख्या कायद्यातली पाहतो, विक्रेत्याने तुम्हाला लावलेलं लेबल पाहत नाही. मात्र तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा की मशीन उपजीविकेसाठी घेतलं, ते चालवतं कोण, घरखर्च कशावर चालतो. हे न लिहिल्यामुळे चांगल्या तक्रारी पहिल्या पायरीवर अडखळतात. आणि दुबईची ऑर्डर लपवू नका. खरेदीच्या वेळी हेतू काय होता हे महत्त्वाचं, आणि तेव्हा दुबई कुठेच नव्हती. लपवलेली गोष्ट नंतर बाहेर आली तर तुमच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास जाईल.

एकदा तुम्ही ग्राहक ठरलात की लवादाचं कलम तुमची वाट अडवत नाही. एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. त्याआधी २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात शेतकऱ्यांच्या बाजूने असाच निकाल झाला होता. करारात लवाद लिहिलेला असूनही त्यांना ग्राहक मंचाचं दार उघडं राहिलं. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे हिंगोलीत. ५० लाखांपर्यंतचा मोबदला दिलेला असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य. 'करारच अन्यायकारक आहे' असं स्वतंत्रपणे म्हणायचं असेल तर त्यासाठी राज्य आयोग लागतो. तुम्हाला त्या वाटेने जायची गरज नाही, सदोष माल एवढं कारण पुरे.

मुलाला हे सगळं वाचून आनंद होईल. त्याला इथेच थांबवते.

आयोगाने आदेश दिला, विक्रेता हजरच झाला नाही, एकतर्फी निकाल तुमच्या बाजूने लागला. पुढे काय? पुढे दरखास्त, म्हणजे आदेशाची वसुली करून देण्याचा अर्ज. पैसे देत नाही म्हणून त्याची मालमत्ता जप्त करायची, तर ती हिंगोलीत नाही, महाराष्ट्रात नाही, भारतात नाही. परदेशी कारखान्याला नोटीस बजावायलाच महिने जातात. आणि जिल्हा ग्राहक आयोगाचा आदेश चीनमधल्या किंवा हाँगकाँगमधल्या न्यायालयाकडून राबवून घेणं तीन-चार लाखांच्या रकमेत परवडणारं नाही. कायदा कोणता लागेल, खटला कुठे चालेल आणि वसुली कुठे होईल हे तीन वेगळे प्रश्न आहेत. सगळे पहिल्या दोहोंवर भांडतात, घर चालतं तिसऱ्यावर.

म्हणून तुमचं बिल, बँकेची पावती आणि कस्टमची बिल ऑफ एंट्री (आयात मालाची नोंद) एका जागी ठेवून पुन्हा वाचा. पैसे नेमके कुणाच्या खात्यात गेले? मशीनसाठी भारतातल्या एखाद्या एजंटने कमिशन घेतलं का, बसवायला कुणी आलं होतं का, वॉरंटी कार्डावर भारतातला पत्ता आहे का? पत्रात तुम्ही 'सुरतहून फोन यायचा' असं एका ओळीत लिहून पुढे गेलात. मला पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ ती वाटली. तो माणूस विक्रेत्याचा भारतातला वितरक असेल आणि त्याने या विक्रीतून पैसे घेतले असतील, तर त्यालाही गैरअर्जदार, म्हणजे तक्रारीतली विरुद्ध बाजू, करता येतं, आणि त्याची मालमत्ता आपल्या कायद्याच्या हाताला लागते. नुसता माल सोडवून देणारा क्लिअरिंग एजंट असेल तर त्याला ओढू नका. त्याने मशीन विकलेलं नाही.

संकेतस्थळाचंही तसंच. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम भारतात नोंदणी नसलेल्या, पण भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल देऊ करणाऱ्या कंपन्यांनाही लागू आहेत. तक्रार निवारण अधिकारी नेमणं, ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण, ही त्यांची जबाबदारी आहे. त्या अधिकाऱ्याला लेखी तक्रार पाठवा आणि पोचेचा स्क्रीनशॉट जपा. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा. संकेतस्थळांना बाजारपेठ टिकवायची असते. निकालाआधी तडजोड घडते ती बऱ्याचदा या दबावामुळे.

आता ते १५ टक्के, म्हणजे ५७ हजार रुपये. तुम्ही याला अपमान समजलात, आणि मला तो राग कळतो. पण एकदा आकडा म्हणूनही पाहा. नांदेडच्या एमआयडीसीतल्या मेकॅनिकने नवा जबडा आणि तापमान नियंत्रक बसवायला चाळीस हजार सांगितले, असं तुम्हीच लिहिलंय. फेब्रुवारीपासून नवी हळद मोंढ्यात येऊ लागेल. तेव्हा मशीन चालू असणं आणि आयोगात तारीख चालू असणं, यातलं घराला काय हवंय? माझं मत असं की ५७ हजारांवर लगेच 'पूर्ण व अंतिम तडजोड' लिहून देऊ नका. त्याला कळवा: दुरुस्तीचा लेखी अंदाज जोडला आहे, तो खर्च, बंद काळाची काही भरपाई आणि मूळ सुटे भाग द्या, मग तक्रार मिटवू. ३० टक्क्यांच्या आसपास आला तर मी घेईन म्हणेन. नाही आला तर हिंगोली.

तुमचा मेकॅनिक दुरुस्तीला हात घालण्याआधी मात्र पुरावा करून ठेवा. एकदा जबडा बदलला की मूळ दोष सिद्ध कशाने करणार? मशीनवरच्या पट्टीचा, म्हणजे नाव, मॉडेल, अनुक्रमांक आणि व्होल्टेज लिहिलेल्या पत्र्याचा जवळून फोटो घ्या. सलग पाकिटं भरतानाचा न तोडलेला व्हिडिओ घ्या, त्यात तापमानाचा आकडा दिसला पाहिजे. तुमच्या वीजपुरवठ्याचा दाब मोजून घ्या, कारण 'तुमची लाइट खराब' हा ठरलेला बचाव आहे आणि आपल्याकडे तो ऐकणाऱ्याला पटतो. शासकीय तंत्रनिकेतनातल्या एखाद्या प्राध्यापकाचा किंवा अभियंत्याचा लेखी अहवाल घ्या. काढलेला जुना भाग भंगारात देऊ नका. विक्रेत्याशी झालेलं व्हॉट्सअॅप बोलणं त्याच मोबाइलमध्ये राहू द्या. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडलं की ते पुराव्यात येतं. मोबाइल बदलायचा विचार असेल तर चार महिने थांबा.

एक गोष्ट अशाच इतर वाचकांसाठी. मशीनने कुणाचा हात भाजला, घराला आग लागली, असं झालं तर हिशेब वेगळा होतो. तिथे ग्राहक संरक्षण कायद्यातलं उत्पादन दायित्वाचं, म्हणजे सदोष मालाने झालेल्या इजेच्या जबाबदारीचं, प्रकरण लागतं, आणि उत्पादक परदेशात असल्यामुळे त्याच्यावर आदेश बजावता येत नसेल तर कलम ८६ प्रमाणे इथल्या विक्रेत्यालाच जबाबदार धरता येतं. नुसतं मशीन बिघडलं, धंदा बुडाला, एवढ्यावर ते प्रकरण लागत नाही.

आता दुबई. एकदा पोळल्यामुळे तुम्ही या करारालाही हाँगकाँगच्याच नजरेने पाहताय, पण इथे तुम्ही विक्रेत्या आहात आणि समोर दुकानदार आहे. ग्राहक संरक्षण कायदा तुमच्या मदतीला येणार नाही. लिहिलेला कायदा खरोखर लागू होईल. 'दुबईच्या कोर्टाचा हुकूम इथे कोण विचारतं' असं कुणी सांगत असेल तर त्यांनाही सांगा: जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने संयुक्त अरब अमिरातीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली अधिसूचित केलं. तिथल्या ठरावीक न्यायालयांचा पैशाचा हुकूमनामा आपल्या जिल्हा न्यायालयात थेट दरखास्तीला लावता येतो. उलट दिशेनेही दोन देशांत १९९९ चा करार आहे. म्हणजे हे कागद दोन्हीकडे चालतात.

तरी मी सही करू नका म्हणणार नाही. करार बदलून घ्या म्हणेन, आणि कायद्याच्या कलमावर सगळी ताकद घालवू नका. भारतीय कायदा आणि भारतात लवाद एवढं एकदा मागून पाहा. नाही म्हणाला तर सोडा, पण त्या बदल्यात पैशाच्या अटी घट्ट करा. निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली बँकेमार्फत कागदपत्रं सोडवताना. इतक्या लहान खेपेला लेटर ऑफ क्रेडिटचा, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने घेतलेल्या पैशाच्या हमीचा, खर्च जड जाईल. उधारीवर माल द्यायची वेळ आलीच तर आधी ईसीजीसीचा विमा घ्या. सरकारी कंपनी आहे, निर्यातदाराचे पैसे बुडण्याचा धोका उचलते. पैसे आधी हातात असतील तर दुबईच्या न्यायालयात जाण्याची गरज तुम्हाला कमी, त्याला जास्त.

दुसरं कलम मालाच्या दर्जाचं. त्याच्या मसुद्यात 'खरेदीदाराच्या तपासणीनुसार माल नाकारता येईल' एवढंच आहे. अशा एका ओळीवर अख्खी खेप तिकडच्या बंदरात अडकते. ओलावा किती टक्क्यांपर्यंत, कुरकुमिन (हळदीला पिवळा रंग देणारा घटक) किमान किती, हे आकड्यात लिहा. माल चढवण्याआधी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या भारतातल्या प्रयोगशाळेचा अहवाल दोघांना बंधनकारक, आणि प्रत्येक खेपेचा सीलबंद नमुना दोघांकडे एकेक. तक्रार करायची तर माल पोचल्यापासून किती दिवसांत, तेही लिहा. मात्र तिथले खाद्यसुरक्षेचे नियम कोणत्याही कराराने टळत नाहीत. कायदा भारताचा लिहिला तरी दुबईच्या ताटात जाणाऱ्या अन्नाला दुबईचेच नियम. शिसं किंवा कृत्रिम रंग सापडला तर कुठलंही कलम वाचवणार नाही, आणि वाचवूही नये.

तिसरं, त्याच्या मसुद्यातलं कलम ११. 'सर्व प्रकारची नुकसानभरपाई विक्रेता देईल.' याला मर्यादा नाही. ती त्या खेपेच्या बिलाच्या रकमेपुरती करून घ्या. करार इंग्रजी आणि अरबी दोन्हीत येणार असेल तर वाद झाल्यास कोणता मसुदा धरायचा हे आधी ठरवा, आणि अरबी मसुदा कुणा जाणकाराकडून वाचून घेतल्याशिवाय सही नको. स्पाइसेस बोर्डाची निर्यातदार नोंदणी अजून केली नसेल तर ती या सगळ्याच्या आधी.

पैठणहून एका विणकर कुटुंबाने मागे विचारलं होतं, जर्मनीतली गिऱ्हाइकं पैठणी परत पाठवायचं म्हणतात, आमच्या पावतीवर तर 'न्यायक्षेत्र पैठण' छापलंय. तुमच्या हाँगकाँगचीच ही दुसरी बाजू आहे. त्या गिऱ्हाइकाला युरोपचा कायदा १४ दिवसांत माल परत करण्याचा हक्क देतो, आणि तिथे गिऱ्हाईक धरून विकत असाल तर पावतीवरची ओळ तो हक्क पुसत नाही. मापाने, नाव विणून, खास सांगून करून घेतलेल्या साडीला तो हक्क लागत नाही. तेव्हा ऑर्डर घेतानाच ते लेखी घ्या.

क्रम असा ठेवा, ताई. या आठवड्यात फोटो, व्हिडिओ, अभियंत्याचा अहवाल. मग विक्रेत्याला दुरुस्तीच्या आकड्याचं पत्र, संकेतस्थळाला तक्रार, दोन्ही ईमेलने, उत्तरासाठी पंधरा दिवस. तोवर सुरतेचा तो माणूस कोण याचा छडा लावा. उत्तर पटलं नाही तर ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार दाखल करा. मुदत दोन वर्षांची आहे, म्हणजे येत्या पोळ्यापर्यंत. विक्रेता 'पाहतो, कळवतो' म्हणत महिने काढत राहिला तरी ती थांबत नाही, म्हणून मी तुमच्या जागी असते तर उन्हाळ्याच्या आत तक्रार आत टाकली असती. दुबईवाल्याला आजच कळवा की बदल सुचवलेला मसुदा दहा दिवसांत पाठवते, पहिली खेप शंभर किलोची, पूर्ण पैसे आगाऊ.